पांढऱ्या दातांचा धाक

भुवया, वॅक्सिंग, फेशियल, ब्लीच आणि त्याखाली आता ‘टीथ व्हाइटनिंग’. लालबाग-परळच्या पार्लरमधल्या दरपत्रकावर ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला छपाईची चूक वाटली. दातांचे काम दातांच्या डॉक्टरकडे, पार्लरमध्ये त्याचे काय? पण मग दादरला दिसली, गिरगावात दिसली, आणि गणपतीच्या आधी तर सवलतीसकट दिसली. ‘एका तासात मोत्यासारखे दात.’

आमच्या गटात येणाऱ्या एका मुलीने हे करून घेतले. एका मोठ्या दुकानात ती काउंटरवर उभी असते. दिवसाचे नऊ-दहा तास उभी, बसायला स्टूल नाही, लघवीला जायचे तर विचारून जायचे. तिथल्या सुपरवायझरने तिला सांगितले, ‘तुझे स्माईल चांगले आहे, पण दात पिवळे दिसतात, काहीतरी कर.’ तिने उसने पैसे घेऊन केले. दुसऱ्या दिवशी हिरड्यांच्या कडा पांढऱ्याफटक पडल्या होत्या, आणि नंतर आग आग. ‘ताई, थंड पाणी दाताला लागलं की डोक्यात कळ जाते,’ म्हणाली. तीन दिवस तिने मऊ भात खाल्ला. कामावर मात्र गेली. हसत उभी राहिली.

तिचे दात मी आधीही पाहिले होते. ते पिवळे नव्हते. दातांच्या रंगाचे होते.

मैत्रिणींनो, इथूनच सुरुवात करायला हवी, कारण पांढराशुभ्र दात हा निरोगी दात, हे आपल्या डोक्यात इतके पक्के बसवले गेले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल. ते काचेसारखे अर्धपारदर्शक असते. त्याच्या आत जो थर असतो, डेंटाइन, तो मुळातच पिवळसर. तो कवचातून दिसतो. वय वाढते तसे कवच झिजते, आतला थर जाड होतो, दात अधिक पिवळे दिसतात. म्हणजे पिवळसर छटा हा रोग नाही, घाण नाही, आळशीपणाही नाही. जाहिरातीतल्या बाईचे दात ज्या रंगाचे असतात तो रंग बहुतेक माणसांच्या तोंडात जन्मभरात कधीच नसतो.

दात पांढरे करतात म्हणजे नक्की काय करतात? हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा त्याच्यापासून बनवलेले कार्बामाइड पेरॉक्साइड दातांवर लावतात. केसांना आणि चेहऱ्याच्या लवीला ब्लीच करताना वापरतात तेच हे जातकुळीचे रसायन. त्यातून सुटणारा ऑक्सिजन कवचातून आत झिरपतो आणि रंग धरून बसलेल्या कणांना फोडतो. दवाखान्यात लावतात ते द्रव्य पंचवीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत तीव्र असते. ते हिरडीला लागले तर हिरडी भाजते, म्हणून दंतवैद्य आधी हिरड्यांवर संरक्षक थर बसवतात, मगच हात लावतात. दातांना कळ येणे हा नेहमीचा त्रास आहे, बहुतेकींचा काही दिवसांत जातो. पण दात किडलेला असेल, चिरलेला असेल, हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडले असेल, तर हेच रसायन थेट आतल्या नसेपर्यंत पोचते. म्हणून आधी तपासणी. पार्लरमधली मुलगी ही तपासणी करणार कशी? तिला दोष देत नाही मी. तीही आपल्यातलीच, कुठल्यातरी दोन दिवसांच्या ‘कोर्स’चे पैसे भरून आलेली. तिच्या हातात नळी देणारा माणूस वेगळाच असतो आणि तो पार्लरमध्ये कधी दिसत नाही.

आणखी काही गोष्टी कुणी सांगत नाही. दातात भरलेले सिमेंट, बसवलेली टोपी, कवळी, यांचा रंग या रसायनाने बदलत नाही. मग पुढचे चार दात पांढरे आणि मधला एक जुन्याच रंगाचा, असे विचित्र दिसते आणि ते ‘सुधारायला’ पुन्हा खर्च. लहानपणी टेट्रासायक्लिन दिल्यामुळे जे करडे पट्टे उमटतात ते सहसा जात नाहीत. खुर्चीतून उठल्यावर आरशात जे दिसते त्यातला थोडा भाग नुसता दात कोरडा पडल्याचा असतो. दोन दिवसांत ओल परतली की तो ओसरतो. राहिलेला पांढरेपणाही कायमचा नाही. काही महिन्यांत, फार तर दोनेक वर्षांत, चहा आपले काम करतो. निळ्या दिव्याचा जो थाट असतो त्याने फारसा फरक पडत नाही. आणि गरोदर बाईने किंवा अंगावर पाजणारीने यात पडू नये, असेच दंतवैद्य सांगतात.

‘व्हाइटनिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टूथपेस्टचे काय? बहुतेकींत घासणारी पूड असते, ती वरचे डाग खरवडते. काहींत चक्क निळा रंग असतो. आपल्या आया पांढऱ्या साड्यांना नीळ द्यायच्या ना, तीच युक्ती. निळसर झाक आली की पिवळे पांढरे भासते. साडीला नीळ देणे स्वस्त तरी पडायचे. लिंबू, कोळशाची पूड हे घरगुती उपाय त्याहून वाईट. लिंबाचे आम्ल कवच विरघळवते, कोळसा ते घासून काढतो, आणि गेलेले कवच परत येत नाही. कवच गेले की आतला पिवळा थर आणखी दिसतो. म्हणजे पांढरे करायला जावे आणि पिवळे होऊन यावे.

युरोपीय संघाने २०११ मध्ये याबाबत नियम केला. ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड असलेली वस्तू थेट गिऱ्हाइकाला विकायची नाही, पहिला वापर दंतवैद्याच्या हाताखाली, अठरा वर्षांखालील कुणाला द्यायचीच नाही. सहा टक्क्यांच्या वरची वस्तू सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायलाच मनाई. आपल्याकडे नोंदणी नसलेल्या माणसाने दंतवैद्यक करू नये हा कायदा १९४८ पासून आहे. पण दात पांढरे करणे हे वैद्यक की शृंगार, असा प्रश्न उभा करून पार्लरवाले मोकळे.

हा प्रश्न आपल्या सरकारला समजतच नाही असे मात्र म्हणू नका. चांगला समजतो. परळमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या विको कंपनीची वज्रदंती आणि हळदीची क्रीम ही आयुर्वेदिक औषधे की सौंदर्यप्रसाधने, यावर अबकारी खात्याने वर्षानुवर्षे खटला लढवला, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत. सरकार हरले, ती औषधे ठरली. कर किती लागायचा याचा प्रश्न होता, तेव्हा औषध आणि शृंगार यांतली रेघ शोधायला खात्याकडे वकील होते, वेळ होता, चिकाटी होती. हिरड्या भाजलेल्या मुलीसाठी तीच रेघ कुणी शोधताना दिसत नाही.

आता थोडे मागे जाऊ. बाईच्या दातांचा रंग ठरवण्याचा उद्योग आजचा नाही. एकेकाळी आपल्याकडे सवाष्ण बायका दातवण लावून दात काळे करीत. हिरडा, मायफळ अशी तुरट द्रव्ये आणि हिराकस यांची ती पूड. काळे दात हे सौभाग्याचे लेणे, कुंकवासारखे. नवरा गेला की कुंकवाबरोबर दातवणही गेले. म्हणजे तेव्हा पांढरे दात ही विधवेची खूण होती! काळा रंग सुंदर की पांढरा, हे इथे गौण आहे. रंग कुठलाही असो, तो ठरवणारी ती बाई नव्हे, एवढे या इतिहासातून दिसते. तेव्हा नवऱ्याच्या जिवंत असण्यावर तिच्या दातांचा रंग ठरे, आज सुपरवायझरच्या मर्जीवर ठरतो.

गिरणगावातल्या बायकांचे दात काळे झाले ते दातवणाने नव्हे, मशेरीने. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची. पहाटे नळाला पाणी यायच्या वेळी चाळीच्या गॅलरीत बोटाने दातांना मशेरी लावत बसलेल्या बायका ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना लालबाग-परळ माहीतच नाही म्हणा. माझी आईही त्यांतलीच. दिवसातून एकदा लावून कुणाचे भागत नसे. पहाटे, दुपारी भांडी झाल्यावर, रात्री सगळ्यांची ताटे उचलल्यावर. का लावायच्या? दात दुखायचा थांबतो, पोट साफ होते, आणि भूक मरते. तिसरे कारण कुणी मोठ्याने बोलत नसे. खाणावळ चालवणारी बाई पंधरा-वीस गिरणी कामगारांना जेवू घालायची आणि शेवटी उरले-सुरले स्वतः खायची. दुपारच्या वेळी तिच्या पोटाला आधार मशेरीचा. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि घरात दाणा आणायची जबाबदारी बायकांवर आली. तेव्हा ही डबी आणखी जवळ आली.

१९९२ ते १९९४ या काळात उपनगरे वगळून मूळ मुंबई शहरात पस्तीस आणि त्यापुढच्या वयाच्या सुमारे एक लाख माणसांची पाहणी झाली. त्यातल्या ५७.५ टक्के बायका तंबाखू वापरत होत्या, आणि ती जवळजवळ सगळी बिनधुराची, म्हणजे मशेरी आणि पानातली. विडी-सिगारेट ओढणारी बाई चटकन नजरेत येते, तिच्यावर टीकाही होते. मशेरीवाली मात्र कुणाच्या हिशेबात नव्हती. तिच्या नवऱ्यालाही ती ‘व्यसनी’ वाटत नसे, कारण दात घासणे हे काय व्यसन झाले? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्याच एका अभ्यासात १२१७ गरोदर बायकांची नोंद ठेवली होती. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. बिनधुराच्या तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे तर आता जगभर मान्य आहे.

सरकारने काय केले? १९९२ मध्ये दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. कारखानदार न्यायालयात गेले, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. चांगलेच झाले. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा बंद केला, तेही चांगले. पण घरच्या तव्यावर भाजलेली मशेरी कुठल्याच कायद्यात सापडत नाही, आणि ती का भाजावी लागते हे तर कुठल्याच खात्याच्या अखत्यारीत येत नाही.

आता या दोन गोष्टी, आईची मशेरी आणि मुलीचे व्हाइटनिंग, एकमेकींना कुठे भिडतात ते सांगते.

आम्ही वस्तीत तोंडाच्या तपासणीचे शिबिर घेतो तेव्हा पन्नाशी-साठीच्या बायका येतात, नाव लिहितात, बाकावर बसतात. डॉक्टरीण म्हणते, ‘मावशी, आ करा.’ मावशी तोंडावर पदर धरते. ‘नको गं बाय, माझे दात लई काळे झालेत, कशाला दाखवू?’ एकदा तर एक आजी नाव लिहून, तासभर थांबून, नंबर आल्यावर उठून गेल्या. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरोघरच्या पडद्यावर पांढऱ्या दातांची जी आरास मांडली गेली तिने या बायकांना काय दिले? मशेरी सोडायला लावली नाही. भूक भागवली नाही. तोंड उघडायची लाज तेवढी दिली. आणि तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही! गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असतो, पंधरा दिवसांत न भरणारे बारीक तोंड आलेले असते, तिखट सोसत नाही, तोंड पहिल्यासारखे उघडत नाही. हे दुसऱ्या कुणी उजेडात पाहिले तर कळते. पदराआडच्या तोंडात ते वाढत राहते, आणि मग परळच्या टाटा रुग्णालयाच्या फुटपाथवर मुक्काम करायची वेळ येते. गावाहून आलेले लोक तिथे मुक्काम करतात ते आपण पाहतो. चार गल्ल्या पलीकडे राहणारी आपलीच बाई उशिरा तिथे पोचते हे आपल्या लक्षात येत नाही.

मुलींच्या बाबतीतही धोका हाच आहे. दातांवर डाग आहेत म्हणून पांढरे करायला जाणाऱ्या मुलीला, तुझ्या गालाच्या आत काय आहे, हे पार्लरमध्ये कुणी विचारत नाही. आपल्यातल्या बहुतेकींच्या दातांवर जे डाग असतात ते वरवरचे असतात: चहा, पान, मशेरी, साचलेले कीटण. ते ब्लीचने काढायचे नसतात, साफ करून घ्यायचे असतात. साफसफाईने दात हलतात ही समजूत खोटी आहे. कीटणाने धरून ठेवलेला सैल दात कीटण निघाल्यावर हलताना जाणवतो, इतकेच. मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत रुग्णालय आहे, सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. रांग लागते, दिवस मोडतो, हे खरे. पण तिथे दात साफ करणारा माणूस तोंडही बघतो.

‘प्रेझेंटेबल’ हा शब्द नोकरीच्या जाहिरातीत दिसला की मला त्याचा हिशेब मांडावासा वाटतो. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. रिळींग आणि वायंडिंग खात्यांत बायकाच असत. काम मरणाचे होते, नायकिणीचा जाच होता, पण दातांचा रंग कुणी विचारत नव्हते. बायकांना हळूहळू गिरणीबाहेर काढले, पुढे गिरण्याच बंद केल्या, आणि त्या जमिनींवर मॉल आणि काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. फिनिक्स मिलची चिमणी आज मॉलच्या शोभेला आहे. रिळींगवालीची नात त्याच जमिनीवर कामाला जाते, कंत्राटावर. तिच्याकडून आता बोटांच्या चलाखीबरोबर चेहराही मागतात, कातडी मागतात, हसू मागतात, आणि त्या हसण्याची डागडुजी तिने स्वतःच्या खर्चाने करायची. गणवेशाचे पैसे मालकाने द्यावेत असे आपण म्हणतो. मग दात हा जर गणवेशाचा भाग असेल, तर त्याचे बिल कुणाच्या नावावर?

लग्नाच्या बाजारातही तेच. ‘गोरी’ लिहायची लाज वाटू लागली म्हणून जाहिरातीत ‘स्मार्ट’ आले. फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नावातले ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातले. त्वचेवरचा गोरेपणा उघड मागणे अवघड झाले की तो दातांवर मागितला जातो, कारण दातांच्या गोरेपणाला कुणी जातीयवाद म्हणणार नाही. तो ‘हायजीन’ असतो!

चंद्रपूर, यवतमाळकडच्या ज्या मुली इकडे नोकरीला येतात त्यांच्यातल्या काहींच्या दातांवर तपकिरी पट्टे असतात. लहानपणी बोअरिंगच्या पाण्यातले जास्तीचे फ्लोराइड पोटात गेल्याची ती खूण. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेले पाणी पिण्यालायक नाही, हे शासनाला माहीत आहे. तो पट्टा म्हणजे शासनाने न दिलेल्या स्वच्छ पाण्याची पावती. ती मुलीने ब्लीच करून पुसायची?

काही मैत्रिणी म्हणतील, तुम्ही बायकांना नटूही देत नाही. १९९४ मध्ये सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय जिंकल्या तेव्हा, आणि १९९६ मध्ये बंगलोरच्या विश्वसुंदरी स्पर्धेविरुद्ध आंदोलन झाले तेव्हाही हेच ऐकून घेतले होते. नटायला माझी ना नाही. गजरा माळणारीला कुणी ‘गजरा नसेल तर उद्यापासून येऊ नकोस’ म्हणत नाही. एखादीला स्वतःच्या हौसेने दात पांढरे करायचे असतील, तिने नोंदलेल्या दंतवैद्याकडे जावे, तोंड तपासून घ्यावे, वापरायच्या द्रव्याची तीव्रता विचारावी, आणि खुशाल करावे. पण हौस आणि धाक यांतला फरक तिला सांगणारे कुणीतरी असावे. ‘बाईच्या जातीने दात काढू नयेत’ म्हणत जिला लहानपणी गप्प केले, तिलाच मोठेपणी आठ तास दात काढून उभे राहायला लावायचे, ही कसली मोकळीक?

गटांनी काय करावे हे नुसते बोलून भागणार नाही. केरळात त्रिवेंद्रमजवळ झालेल्या मोठ्या पाहणीत, जिचे निकाल २००५ मध्ये आले, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसते तोंड पाहून तपासणी केली, तर तंबाखू-दारूच्या सवयीच्या लोकांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. यंत्र नाही, बॅटरी आणि शिकवलेली नजर. आपल्याच मुंबईतल्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून गर्भाशयमुखाची तपासणी करून दाखवली, तिथेही मृत्यू घटले. तेव्हा वस्तीतली बाई हे करू शकत नाही असे कुणी सांगू नये. प्रत्येक गटाने आपल्या दोन-तीन जणी दंत महाविद्यालयात पाठवून तोंड पाहायला शिकवावे. शिबिराच्या फलकावर हसऱ्या, पांढऱ्या दातांच्या बाईचे चित्र लावू नये, काळ्या दातांच्या मावशीला ते पाहून परत जावेसे वाटते. अन्न व औषध प्रशासनाला पार्लरमधल्या नळ्यांचे नमुने घ्यायला भाग पाडावे. आणि दुकानांत काम करणाऱ्या मुलींनी, दातांवरून, रंगावरून, वजनावरून काय काय ऐकावे लागले ते तारखेनिशी वहीत लिहून ठेवावे. आमच्या गटाच्या मुलीने पहिले पान लिहिले आहे. त्यात सुपरवायझरचे वाक्य आहे, तारीख आहे, पार्लरची पावती चिकटवली आहे.